शेपटीवरची पैठणी

१९९७ चा ऑक्टोबर. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर ब्लॅकपूल नावाचं गाव आहे, तिथे हुजूर पक्षाचं वार्षिक अधिवेशन भरलं होतं. पाचच महिन्यांपूर्वी टोनी ब्लेअरच्या मजूर पक्षाने त्यांना निवडणुकीत पार लोळवलं होतं, त्यामुळे मंडळींचे चेहरे जरा उतरलेलेच होते. अशा अधिवेशनांत सभागृहाबाहेर कंपन्यांचे स्टॉल लागतात, पुढारी तिथून हात हलवत फिरतात, फोटो निघतात. ब्रिटिश एअरवेजचाही स्टॉल होता आणि टेबलावर विमानाचं एक मॉडेल ठेवलेलं होतं. माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर तिथे आल्या. मॉडेलच्या शेपटीकडे त्यांनी पाहिलं, रुमाल काढला आणि सरळ शेपटीवर टाकला. आम्ही ब्रिटनचा झेंडा मिरवतो, असलं भयंकर काही नाही, अशा अर्थाचे चार शब्द कंपनीच्या माणसांना ऐकवले. कॅमेरे तयारच होते.

हा प्रसंग मी चित्रफितीवर पुष्कळदा पाहिला आहे आणि दरवेळी बाईंच्या राजकारणापेक्षा त्या शेपटीच्या मापाचंच मला जास्त कौतुक वाटतं. खऱ्या जंबो जेटची, म्हणजे ७४७ ची शेपटी जमिनीपासून १९ मीटरपेक्षाही उंच असते. आपल्याकडच्या सहा मजली इमारतीएवढी. तिच्यावर रुमाल टाकायचा तर आधी क्रेन मागवावी लागली असती. मॉडेल होतं म्हणून काम दोन सेकंदांत झालं. सहा कोटी पौंडांच्या योजनेवर एका रुमालात पडदा!

सहा कोटी हा आकडा मी वाढवून सांगत नाहीये. त्याच वर्षी १० जूनला ब्रिटिश एअरवेजने आपलं नवं रूप जगापुढे आणलं, त्याचा खर्च तेवढाच सांगितला गेला होता. बॉब आयलिंग तेव्हा कंपनीचे मुख्य अधिकारी. त्यांचं गणित तसं साधं होतं. कंपनीचे सुमारे ६० टक्के प्रवासी ब्रिटनबाहेरचे होते, आणि त्या प्रवाशांच्या मनात कंपनीची प्रतिमा होती ती कडक इस्त्रीतल्या, नाकावर चष्मा असलेल्या, जरा शिष्ट साहेबाची. विमानाचा रंगही त्याला शोभेसा: पोट गडद निळं, वर राखाडी, शेपटीवर झेंड्याचा एक तुकडा आणि त्यावर कंपनीचं मानचिन्ह. आयलिंगना हे सगळं मोकळं करायचं होतं. लंडनच्या न्यूवेल अँड सोरेल या डिझाइन संस्थेने तोडगा काढला तो असा, की शेपटीवर एकट्या ब्रिटनचं काही नकोच. जगभरच्या कलाकारांची चित्रं लावू. प्रत्येक विमानावर वेगळं चित्र नाही, पण एकाच कंपनीच्या ताफ्यात तीसएक निरनिराळ्या शेपट्या.

आणि ती चित्रं काही कॅलेंडरछाप नव्हती, हे आधी सांगून टाकतो. बोत्स्वानातल्या कलाहारी वाळवंटातल्या ‘सान’ आदिवासी समाजाच्या चित्रकर्तीची झाडं आणि जनावरं होती. दक्षिण आफ्रिकेच्या न्देबेले समाजातल्या बायका घराच्या भिंती रंगवतात, त्या भौमितिक आकृत्या होत्या. पोलंडमधल्या लोविचचे कागद कातरून केलेले कोंबडे होते. हाँगकाँगची अक्षरकला, रशियातली लाकडावरची खोखलोमा नक्षी, स्कॉटलंडचं टार्टन, म्हणजे चौकटीचं कापड. हॉलंडतर्फे ह्यूगो कागमान या माणसाने निळ्या-पांढऱ्या डेल्फ्ट फरशांची शेपटी केली. हा गृहस्थ मूळचा अ‍ॅमस्टरडॅमच्या भिंतींवर स्टेन्सिल मारणारा. भिंतीवरून थेट बोइंगवर, म्हणजे बढती म्हणायची.

भारतातून आली ती पैठणी. मीरा मेहता या वस्त्रकलाकार, त्यांचं काम. जगभरातून भारतासाठी एक चित्र निवडायचं तर ताजमहाल, हत्ती, कमळ, मोरपीस अशी सगळी सरबराई हाताशी होती. ती सोडून गोदाकाठच्या एका गावाच्या नावाचं वस्त्र निवडलं गेलं. हे मला कळलं तेव्हा एखाद्या मराठी माणसाला वाटेल तेवढा अभिमान वाटलाच, पण त्याहून जास्त नवल वाटलं ते या गोष्टीचं की आपल्याकडे हे फारसं कुणाच्या गावीच नाही. पैठणीवर आपण किती लिहितो, किती गातो, टीव्हीवर भावजी वर्षानुवर्षं घरोघर वाटत फिरले, पण ती एकेकाळी लंडनच्या विमानावर होती हे सांगितलं की समोरचा आधी माझ्याकडे आणि मग मोबाइलकडे बघतो.

माझ्याकडे तिचं मॉडेल आहे. मावसभाऊ लंडनजवळ स्लाऊला राहतो, त्याने तिथल्या एका म्हाताऱ्या संग्राहकाकडून घेतलं आणि सुट्टीत येताना मोज्यात गुंडाळून आणलं. प्रमाण एकास पाचशे. या मापात पूर्ण लांबीचं जंबो जेट १४ सेंटीमीटरचं होतं आणि त्याची शेपटी नुसती, म्हणजे पाठीतून वर आलेला भाग, जेमतेम दोन. मॉडेल धातूचं आहे, हातात घेतलं की अपेक्षेपेक्षा जड लागतं. पुढच्या चाकांपैकी एक गळालेलं आहे, त्यामुळे ते टेबलावर किंचित उजवीकडे झुकून उभं राहतं आणि त्याच कारणाने परवडलं. भिंगाखाली धरलं की शेपटीवरच्या नक्षीत एका रंगाचा छाप केसभर सरकलेला दिसतो. मागच्या सुकाणूची फट धातूत कोरलेली आहे, ती नक्षीला मधोमध चिरत जाते, आणि त्या चिरेत रंग पोचलेला नाही. बारीक पांढुरकी रेघ राहिली आहे. उगाच वाटतं, साडीची घडी वर्षानुवर्षं तशीच ठेवली की घडीवर जर विरते, तसं.

आईला दाखवलं. तिने चष्मा पुसला, मॉडेल उलटंपालटं करून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "मागून कसंय?"

"म्हणजे?"

"अरे, पैठणी म्हणतोस ना? मग मागून बघायला नको?"

पैठणी ओळखायची ही तिची जुनी रीत. पदराची नक्षी तिथे वरून भरलेली नसते. माग चालू असतानाच रंगीत रेशमाच्या छोट्या छोट्या तिल्ल्या हाताने गुंफत तो पदर विणला जातो, त्यामुळे उलट बाजूला लोंबणारे धागे नसतात. पुढून दिसतं तसंच मागून. मशिनवरच्या नकलेत मागे दोऱ्यांचं जंगल असतं. मी शेपटी फिरवून दुसरी बाजू दाखवली. तिथेही तीच नक्षी, त्याच रंगात. "हं," आई म्हणाली, "मग चालेल." आणि मग जरा वेळाने, "पण एवढ्याशा पदराचे कितीला घेतलेस?" ती रक्कम मी तिला अजून सांगितलेली नाही. तिच्या लग्नातली येवल्याची पैठणी तिच्या वडिलांनी ज्या किमतीला घेतली होती ती ती दर दिवाळीला सांगते, आणि त्या आकड्यापुढे माझं मॉडेल फारच उद्धट दिसलं असतं.

आता मुद्द्याचं. विमानाची शेपटी कुणासाठी रंगवतात? हा प्रश्न मला संग्रहाचा नाद लागल्यापासून छळतो. तिकीट काढून बसणाऱ्याला आपल्या विमानाची शेपटी दिसतच नाही. तो काचेच्या दालनातून एअरोब्रिजमध्ये शिरतो, त्याला दिसलंच तर नाक दिसतं, मग दार, मग हवाई सुंदरीचा नमस्कार, मग आपली सीट आणि पंखाचा तुकडा. उतरताना पुन्हा तेच उलट्या क्रमाने. म्हणजे ज्याने पैसे मोजले त्याला सोडून ती बाकी सगळ्यांना दिसते: शेजारच्या विमानातल्यांना, सामान चढवणाऱ्यांना, टॉवरमधल्या नियंत्रकांना, आणि कुर्ला-घाटकोपरच्या गच्च्यांवर संध्याकाळी पतंग उडवताना डोक्यावरून जाणारी विमानं मोजणाऱ्या पोरांना. पैठणी नेसलेल्या बाईलाही पदर स्वतःला कुठे दिसतो? तो मागे असतो. मागच्या रांगेतल्यांनी बघायचा.

आणि आणखी एका माणसाला शेपटी नीट दिसते, तो म्हणजे ज्याच्या टेबलावर मॉडेल आहे. विमान कंपनीचं नवं रूप ठरतं तेव्हा संचालकांपुढे हँगरमधलं विमान उभं करत नाहीत. आधी कागदावरची चित्रं येतात, मग मॉडेलं. लांबरुंद टेबलाभोवती बसलेली दहा-बारा माणसं ते मॉडेल फिरवून फिरवून बघतात, दिव्याखाली धरतात, माना डोलावतात. हातात धरून बघितलेली शेपटी सुंदरच दिसते. सगळी नक्षी एका नजरेत, बोटभर अंतरावर. माझं तर आता मत असं झालंय की ब्रिटिश एअरवेजच्या त्या चित्रांचं अर्धं दुखणं इथेच होतं. ती हातभर अंतरावरून बघायची चित्रं होती. कातरलेला कोंबडा, विणलेला पदर, भिंतीवरची आकृती, या सगळ्या घरातल्या, अंगणातल्या, अंगावरच्या कला. हीथ्रोच्या पावसाळी उजेडात, अर्धा किलोमीटर दूर, पाण्याने निथळत उभ्या असलेल्या विमानावर त्यांचं होतं काय, तर रंगीत ठिपका. झेंडा मात्र अर्ध्या किलोमीटरवरूनही झेंडाच दिसतो. तो मुळी लांबून ओळखता यावा म्हणूनच जन्माला आला. तेव्हा थॅचरबाईंचं कारण मला पटत नाही, पण त्यांच्या निष्कर्षाला अगदीच टाकून देता येत नाही, ही माझी पंचाईत.

हीथ्रोच्या नियंत्रकांना तर हा त्रास रोजचाच झाला. जमिनीवर विमानं वळवताना "त्या ब्रिटिश एअरवेजच्या मागे चला" असं सांगायची सोय असते. आता कोणत्या? कोंबड्याच्या की टार्टनच्या? दुसऱ्या देशाच्या वैमानिकाला समोर दिसणारी चौकटीची शेपटी ब्रिटिश आहे हे कळणं सोपं नव्हतं.

थॅचरबाईंना राग येण्याचं आणखी एक कारण असावं. १९८७ च्या फेब्रुवारीत सरकारी ब्रिटिश एअरवेज शेअर बाजारात विकली ती त्यांच्याच सरकारने. त्या काळातली गडद निळी, मानचिन्हाची शेपटी म्हणजे जणू त्यांच्या कारकिर्दीचं शुभेच्छापत्र. पण गंमत बघा: ज्या रंगसंगतीला अस्सल ब्रिटिश म्हणून लोक गहिवरत होते, ती १९८४ मध्ये केली होती लँडॉर या अमेरिकन कंपनीने, सॅन फ्रान्सिस्कोत बसून. तेव्हाही ओरडा झाला होताच, की आमच्या विमानांना रंग द्यायला अमेरिकन कशाला हवेत. आणि जिला परकी, उपरी म्हणून झोडपलं ती १९९७ ची रंगसंगती मात्र लंडनमध्ये, इंग्रज डिझाइनरांनी केलेली. तेरा वर्षांत अमेरिकन निळा ब्रिटिश झाला. लोविचच्या कोंबड्याला तेवढी सवड मिळाली नाही.

आपण त्यांना हसावं अशी आपलीही परिस्थिती नाही. १९८९ मध्ये एअर इंडियाने पांढरं अंग, लाल शेपटी आणि तिच्यावर सोनेरी चक्र असा नवा वेष काढला होता. लोकांना आठवत होते ते खिडक्यांभोवतीचे लाल झरोके, १९७१ मध्ये जंबो जेट आलं तेव्हापासूनचा तो आकाशातला राजवाडा. तक्रारी इतक्या आल्या की दोनेक वर्षांत नवा रंग गुंडाळून झरोके परत आणले. म्हणजे जुन्या रूपाकडे परत फिरण्याचं प्रात्यक्षिक आपण साहेबाच्या आधी आठेक वर्षं करून दाखवलेलं आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये टाटांच्या एअर इंडियाने पुन्हा सगळं बदललं, तेव्हा झरोके विमानाच्या अंगावरून गेले, पण त्यांची सोनेरी चौकट बोधचिन्हात शिल्लक ठेवली. अंगभर झरोके मिरवायची हिंमत नाही आणि सोडायचीही नाही, असं काहीसं ते झालंय. मला आवडलं नाही. पण माझ्या आवडीला विचारतो कोण; मॉडेल मात्र घेतलं.

या मॉडेलांच्या धंद्याचंही एक अर्थशास्त्र आहे. महाग असतो तो साचा. पोलादात विमानाचा आकार कोरायचा, त्यात वितळलेला जस्ताचा मिश्रधातू दाबाने भरायचा, पंख आणि धड वेगळे काढून जोडायचे. हा सगळा खर्च एकदाच. त्यानंतर रंग आणि छपाई बदलून तोच साचा हवा तितक्या कंपन्यांच्या नावाने विकता येतो. छपाई होते ती सिलिकॉनच्या गुबगुबीत गादीने. कोरलेल्या पट्टीवर शाई पसरतात, जास्तीची निपटून काढतात, गादी दाबली की कोरीव भागातली शाई तिला चिकटते, आणि मग ती गादी शेपटीच्या गोलाईवर दाबली की नक्षी उमटते. एका रंगासाठी एक पट्टी, एक दाब. झेंड्याला तीन रंग म्हणजे तीन दाब. पैठणीला किती लागले असतील याची मी भिंगातून मोजदाद करायला गेलो आणि डोळे चुरचुरायला लागले.

तेव्हा विचार करा, १९९७ साली मॉडेलवाल्यांना काय वाटलं असेल. एकच कंपनी, एकच ७४७, साचा तोच, आणि विकायला एकदम डझनावारी शेपट्या! संग्राहकाला एक घेऊन समाधान नाही, त्याला पूर्ण संच हवा. जर्मनीच्या हेर्पाने पाचशेपट लहान विमानांचा धंदा नव्वदच्या दशकात नुकताच मांडला होता, त्यांना तर ही पर्वणीच. ब्रिटिश एअरवेजच्या त्या योजनेतून प्रवासी किती वाढले यावर वाद घालता येईल, पण मॉडेलवाल्यांचं भलं झालं यात शंका नाही. माझ्यासारख्यांचे पगारही त्यातच जिरले.

मूळ योजनेचं नशीब मात्र सुरुवातीपासूनच फुटकं. १० जूनला उपग्रहाद्वारे जगभर थाटामाटात अनावरण झालं आणि बरोबर एका महिन्यात, जुलैमध्ये, केबिन क्रूचा तीन दिवसांचा संप. संपावर जाणाऱ्यांना कंपनीने दिलेल्या धमक्यांना घाबरून असेल, पण संपावर गेलेल्यांपेक्षा आजारपणाची रजा टाकलेल्यांची संख्याच मोठी निघाली. आयलिंग एकीकडे खर्च कपात करा म्हणत होते, पगाराचे नियम बदलत होते, आणि दुसरीकडे शेपट्यांवर सहा कोटी पौंड. कामगाराच्या नजरेतून बघा, तुमचं पोट कापून मालकाने घराला रंग काढला तर रंग कितीही सुरेख असो, डोळ्यांत खुपणारच. त्या चित्रांचा राग हा पुष्कळसा चित्रांचा नव्हताच. ती बिचारी मध्ये सापडली. कलाहारीतली ती चित्रकर्ती किंवा आपल्या मीरा मेहता यांचा कंपनीच्या पगारपत्रकाशी काय संबंध?

१९९९ साली आयलिंगनी माघार घेतली. जूनमध्ये जाहीर झालं की यापुढे नव्या जागतिक शेपट्या नाहीत, आणि ताफ्यातल्या निम्म्याअधिक विमानांवर झेंडा येईल. इतक्यात व्हर्जिन या प्रतिस्पर्धी विमान कंपनीच्या रिचर्ड ब्रॅन्सनने संधी साधलीच. तुम्हाला झेंडा नको ना, मग आम्ही घेतो, म्हणून त्याने आपल्या विमानांवर युनियन जॅक रंगवून टाकला. असल्या बाबतीत हा माणूस कधी चुकत नाही.

झेंड्याची शेपटी तशी पहिल्यापासून या संचातच होती. केंटमधल्या चॅथम गोदीच्या नावाने ओळखली जाणारी, वाऱ्यावर लहरणारी युनियन जॅकची आकृती. ती फक्त कॉनकॉर्ड या ध्वनीहून वेगवान विमानांसाठी राखून ठेवलेली होती. कॉनकॉर्ड हा देशाचा मानाचा घोडा, त्याच्यावर कोंबडे काढायची छाती आयलिंगनाही झाली नाही. आता तीच शेपटी बाकीच्या विमानांवरही येऊ लागली. २००० च्या मार्चमध्ये आयलिंग गेले, रॉड एडिंग्टन आले आणि २००१ साली त्यांनी उरलेली चित्रंही पुसायचा निर्णय घेतला. म्हणजे आज ब्रिटिश एअरवेजच्या विमानावर आपण बघतो तो लहरता झेंडा त्याच फसलेल्या योजनेतलं उरलेलं एक चित्र आहे. रुमाल टाकणाऱ्यांना जे हवं होतं ते त्यांना मिळालं, पण दिलं ते आयलिंगच्याच पिशवीतून. नाकाजवळची ती निळी-तांबडी फीतही १९९७ सालीच आलेली, आणि तीही टिकली. तिचं मूळ आणखी मागे जातं: १९३२ मध्ये थेअर ली-एलियट या चित्रकाराने ब्रिटिश एअरवेजची पूर्वज कंपनी इंपीरियल एअरवेजसाठी काढलेला स्पीडबर्ड पक्षी. त्याच १९३२ च्या १५ ऑक्टोबरला इंपीरियल एअरवेजने कराचीला पोचवलेलं टपाल घेऊन जे. आर. डी. टाटा एका छोट्या पुस मॉथ विमानातून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले आणि आपल्याकडची नागरी विमानवाहतूक सुरू झाली. ब्रिटिश एअरवेजचे वैमानिक टॉवरशी बोलताना आजही स्वतःची ओळख 'स्पीडबर्ड' अशीच देतात. रंगाला वर्षं मोजून मिळतात, हाकेच्या नावाला कुणी हात लावत नाही.

शेपट्या लगेच पुसल्या गेल्या नाहीत. विमान रंगवायचं म्हणजे ते काही दिवस उड्डाणाबाहेर काढायचं, जुना रंग उतरवायचा, नवा थरावर थर चढवायचा; उभं विमान कमवत नाही, म्हणून हे काम मोठ्या देखभालीच्या वेळापत्रकात बसवतात. त्यामुळे काही वर्षं हीथ्रोवर एकाच वेळी तीन जमाने उभे असत: जुनी निळी मानचिन्हवाली, मधली चित्रांची आणि नवी झेंड्याची. त्या काळात लंडनला गेलेले नातेवाईक विमानतळाचे फोटो काढून आणत, त्यांच्या अल्बमात मी आता माणसांपेक्षा मागच्या शेपट्याच शोधतो. काकूंच्या डोक्यामागे अर्धं टार्टन सापडलं. पैठणी अजून कुठल्याही अल्बमात सापडलेली नाही, तपास चालू आहे.

२०१९ मध्ये ब्रिटिश एअरवेजने शंभरी साजरी केली आणि चार विमानांना जुने वेष चढवले: बीओएसी आणि बीईए या तिच्यात विलीन झालेल्या जुन्या कंपन्यांचे, सत्तरच्या दशकातला नेगस या डिझाइन संस्थेचा आणि तो लँडॉरचा निळा. लोकांनी धावपट्टीच्या कुंपणाबाहेर शिड्या लावून फोटो काढले. चित्रांच्या शेपट्यांपैकी मात्र एकही नाही. शंभर वर्षांच्या हिशेबात ती चार वर्षं धरलीच नाहीत. एखादा कोंबडा, एखादी डेल्फ्ट फरशी करायला काय हरकत होती? लोक हसले असते, थोडं भांडले असते, आणि फोटो सगळ्यात जास्त त्याचेच निघाले असते, असं माझं ठाम मत आहे. पुढच्याच वर्षी करोनाने कंपनीची ७४७ विमानं कायमची जमिनीवर आणली. शेवटच्या काही जंबोंना आता संग्रहालयासारखं जपलंय, जुन्या वेषात.

थोडक्यात, खऱ्या विमानावर ती पैठणी आता कुठेच नाही. उरली आहे ती फोटोंमध्ये आणि काचेच्या कपाटांत, जस्ताच्या पाठीवर. तिथेही तिला धोके आहेतच. आपल्याकडच्या दमट हवेत या मॉडेलांना एक रोग लागतो, रंगाखाली बारीक पुरळ उठतं आणि रंग फुगून सुटतो. त्यावर औषध नाही, पथ्य आहे. म्हणून माझ्या कपाटात प्रत्येक खणात सिलिका जेलच्या पुड्या आहेत, ज्या बायको औषधांच्या आणि बुटांच्या डब्यांतून माझ्यासाठी साठवते, वर "तुमच्या विमानांचं पथ्यपाणी" असंही म्हणते. उन्हाची तिरीप येते त्या बाजूला पडदा आहे. धूळ मऊ ब्रशने, तोही मेकअपचा, आणि तो परत जागेवर ठेवायचा अशा अटीवर.

सध्या नजर आहे ती ह्यूगो कागमानच्या निळ्या-पांढऱ्या शेपटीवर. हॉलंडमधला एक माणूस विकतोय, डबा मूळचा आहे, चाकं शाबूत आहेत, पण किमतीवरून तो हलायला तयार नाही. मी त्याला लिहिलं, माझ्याकडे पैठणी आहे, अदलाबदल करतोस का, नुसती उत्सुकता म्हणून. त्याने फोटो मागवला, बघितला आणि लगेच हो म्हणाला. मग मीच नाही म्हटलं. आता दिवाळीचा बोनस येईपर्यंत त्याने ते दुसऱ्या कुणाला विकू नये एवढंच बघायचं.